श्रमदानाची परंपरा : तरुण हात आणि गावाची वास्तू

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की प्रथम आठवतात ते देणगीदार, मग शिखर, कळस आणि प्राणप्रतिष्ठेचा सोहळा. हे योग्यच आहे. दात्यांच्या सढळ हाताशिवाय आजच्या काळात एवढे मोठे कार्य सिद्धीस जाणे अवघड. परंतु कोणत्याही वास्तूच्या जमाखर्चात एक रक्कम क्वचितच लिहिली जाते. ती म्हणजे पाया खणताना, दगड वाहताना, वाळू चाळताना ज्यांनी घाम गाळला त्यांच्या श्रमाची. महाराष्ट्रात अशा श्रमातून उभ्या राहिलेल्या सार्वजनिक वास्तूंचा एक मोठा इतिहास आहे. त्या इतिहासात तरुणांचा वाटा फार मोलाचा आहे. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्याचे स्मरण करणे उचित ठरेल.

जुनी गावकी आणि तिची उणीव

पूर्वीच्या काळी गावची चावडी, धर्मशाळा, पार, विहीर, नदीचा घाट ही कामे गावकीच्या बळावर होत. कोणी बैलजोडी देई, कोणी धान्य देई, कोणी झाडे देई. पाथरवट दगड घडवीत, वडार खाणीतून दगड काढीत, सुतार तुळया आणि दारे-चौकटी करीत, लोहार पहारी-सुतक्यांना धार लावीत. घाणीत चुना मळला जाई आणि गवंडी ओळंबा लावून भिंत चढवीत. त्या काळचे कित्येक घाट आणि दीपमाळा आजही जागच्या हललेल्या नाहीत. यावरून त्या कारागिरांच्या हाताची कसोटी दिसून येते.

मात्र या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती आणि ती लपवून चालणार नाही. ज्यांनी पाया खणला, ज्यांनी दगड वाहिला, त्यांपैकी अनेकांना कळस चढल्यावर त्याच वास्तूच्या उंबरठ्याबाहेर उभे राहावे लागे. श्रम चालत, पण श्रम करणारा चालत नसे. ज्या हाताने पायरीचा दगड बसविला, त्याच हाताचा पायरीला स्पर्श झाला तर विटाळ मानला जाई. पुढे ज्या थोर पुरुषांनी तरुणांना हाताशी धरून वास्तू उभारल्या, त्यांच्या कार्याचे खरे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. त्यांनी विटा रचल्या, त्याबरोबरच त्या वास्तूवर हक्क कोणाचा हा प्रश्नही सोडविला.

गाडगे महाराजांच्या धर्मशाळा

संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) हे या बाबतीतले आद्य उदाहरण होय. महाराज गावात आले की आधी हातात खराटा घेत आणि गाव झाडून काढीत. त्यांना पाहून गावचे तरुण एकेक करून झाडू लागत. दिवसभर रस्ते, गटारे, देवळाचा परिसर स्वच्छ झाला की रात्री कीर्तन होई. ज्या गावात सकाळी झाडू फिरला नाही, त्या गावात रात्री उपदेश कसा करावा, अशी त्यांची साधी रीत होती.

महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभारल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी महाराजांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. लाखो रुपयांच्या वास्तू त्यांच्या हातून उभ्या राहिल्या, पण त्यांतील एक खोलीही त्यांनी स्वतःसाठी ठेवली नाही. १९४९ साली पंढरपूरची ती धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ती गरीब मुलांच्या वसतिगृहासाठी.

कर्मवीरांची मुले

तरुणांच्या श्रमातून संस्था कशी उभी राहते याचा महाराष्ट्रातील सर्वात मोठा प्रयोग कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केला. भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज येथे झाला. कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहून शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्याचा आग्रह त्यांना झाला. त्यांनी तो मानला नाही आणि वसतिगृह सोडावे लागले तरी पर्वा केली नाही. पुढील सर्व कार्याचे बीज या एका प्रसंगात आहे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सारी मुले एका पंक्तीला बसत. पाणी भरणे, दळण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट ही कामे पाळीपाळीने सर्वांनाच करावी लागत. कोणाची जात कोणती हे कामाच्या पाळीत विचारले जात नसे.

हे वसतिगृह चालविणे सोपे नव्हते. सावकाराचे पैसे, दात्यांच्या देणग्या, गावोगावची धान्याची मूठ यांवर मुले जेवत. धान्य संपले आणि दुकानदार उधार देईना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले. शेवटी मंगळसूत्रही विकून त्यांनी मुलांना जेवू घातले. १९३० साली त्या निवर्तल्या. रयतेची माउली म्हणून त्यांचे नाव आजही घरोघर घेतले जाते. देणगीच्या पावतीवर हे दान कोठेही लिहिलेले नाही.

‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य आणि वटवृक्ष हे तिचे चिन्ह. हे वाक्य नुसते भिंतीवर लिहिण्यासाठी नव्हते. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत व निवासी हायस्कूल निघाले. १९४७ च्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. येथील मुलांनी शिक्षणाचे मोल श्रमाने द्यावे अशी योजना होती. ती ‘कमवा व शिका’ या नावाने प्रसिद्ध आहे. मुलांनी खडकाळ जमीन फोडून शेतीयोग्य केली, खडी फोडली, माती व दगड वाहिले आणि संस्थेच्या आवारातील बांधकामांना हात लावला. सकाळी घमेले उचलणारा मुलगा दुपारी गणित सोडवीत असे. हाताला घट्टे पडले म्हणून कोणी त्याला कमी लेखीत नसे, कारण शेजारी बसलेल्याच्याही हाताला तेच घट्टे होते.

शिवाजी कॉलेजसंबंधी एक हकीकत नेहमी सांगितली जाते. एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, पण कॉलेजला आपल्या इच्छेप्रमाणे नाव द्यावे अशी अट घातली. संस्थेला पैशांची निकड होती. तरीही भाऊरावांनी शिवछत्रपतींचे नाव बदलण्यास साफ नकार दिला आणि देणगी परत गेली. देणगीदारांचा त्यांना अनादर होता असे मुळीच नाही. सयाजीराव गायकवाडांसारख्या दात्यांची नावे त्यांनी कृतज्ञतेने संस्थांना दिली आहेत. पण एकदा ज्या नावाखाली मुलांनी घाम गाळला, ते नाव विकत देण्याची वस्तू राहत नाही, असा त्या नकाराचा अर्थ. पुढे १९५४ साली कराडला महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याला नाव दिले गेले ते शाळेची पायरी न चढलेल्या सद्गुरू गाडगे महाराजांचे.

या कार्याचा मंदिराशीही जवळचा संबंध आहे. जेथे सरकारी शाळा पोचली नव्हती अशा खेड्यांत रयत संस्थेने शेकडो व्हॉलंटरी प्राथमिक शाळा काढल्या. या शाळांना इमारती कोठून असणार? कोठे मारुतीच्या देवळात, कोठे धर्मशाळेत, कोठे चावडीच्या ओसरीवर मुले बसत. महात्मा गांधींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. गावोगावच्या लोकांनी जमीन दिली, गाड्यांनी दगड-वाळू ओढली, तरुणांनी पाया खणला आणि देवळातली शाळा स्वतःच्या छपराखाली गेली. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक शाळांचा पहिला वर्ग देवाच्या साक्षीने भरला आहे. कर्मवीर ९ मे १९५९ रोजी कालवश झाले. १९१९ साली एका खेड्यात लावलेल्या रोपाच्या आज चारशेहून अधिक माध्यमिक शाळा व अनेक महाविद्यालये झाली आहेत.

पंढरीचे दार

ज्या वर्षी शिवाजी कॉलेज सुरू झाले, त्याच १९४७ सालच्या मे महिन्यात पंढरपुरात साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. १ मे रोजी सुरू झालेले हे उपोषण १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे ठरल्यावर सुटले. त्याआधी काही महिने गुरुजी आणि राष्ट्र सेवा दलाचे तरुण महाराष्ट्रभर हिंडले होते. गावोगावी सभा व कलापथकांचे कार्यक्रम झाले आणि पुष्कळ गावांनी आपली मंदिरे व पाणवठे आपण होऊन खुले केले. येथे तरुणांनी एकही भिंत बांधली नाही. त्यांनी दार उघडले. वास्तूच्या इतिहासात बांधणाऱ्याइतकाच दार उघडणाराही महत्त्वाचा असतो.

आनंदवनाचे तरुण पाहुणे

याच मालिकेतील पुढचा अध्याय चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ घडला. बाबा आमटे (१९१४–२००८) आणि साधनाताई यांनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारले. सोबत दोन लहान मुलगे, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, खिशात चौदा रुपये आणि सरकारकडून मिळालेली पन्नास एकर झुडपी, खडकाळ जमीन, एवढ्या भांडवलावर हे काम सुरू झाले. आधी विहीर खणावी लागली. १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले.

रुग्णांनी जमीन कसली, भाजीपाला पिकविला. पण वरोड्याच्या बाजारात तो कोणी घेईना. महारोग्याच्या हातची भाजी घरी नेण्याची लोकांना भीती वाटे. अशा वेळी १९५४ च्या सुमारास ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे अनेक देशांतील तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले.

ही संस्था कोठली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर पिएर सेरेसोल या स्विस इंजिनिअरने तिची सुरुवात केली. १९२० साली फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांनी घरे व रस्ते पुन्हा बांधायला घेतले. त्यांत जर्मनही होते. शत्रूच्या देशातले हात आपल्या गावाला लागावेत हे तेथील लोकांना सोसले नाही आणि काही महिन्यांत स्वयंसेवकांना गाव सोडावे लागले. ‘कोणाचा हात चालतो’ हा प्रश्न एकट्या आपल्याच देशाचा नाही, हे यावरून दिसते. सेरेसोल खचले नाहीत. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर ते भारतात आले आणि राजेंद्रप्रसाद यांच्या मदतकार्याशी जुळवून घेऊन त्यांनी उत्तर बिहारमध्ये खेडी पुन्हा वसविण्याचे काम केले.

त्याच संस्थेच्या तरुणांनी आनंदवनात मुक्काम करून रुग्णालयाच्या इमारती उभारण्यास मदत केली. चुना-माती कालविणे, विटा वाहणे, भिंत चढविणे ही कामे त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून केली. ते रुग्णांबरोबर राहिले आणि आनंदवनात पिकलेले अन्न जेवले. दूरदेशीची सुशिक्षित मुले ही भाजी खाऊन धडधाकट राहतात, हे वरोड्याच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. हळूहळू लोकांची भीती ओसरली आणि आनंदवनच्या भाजीला गिऱ्हाईक मिळू लागले, असे सांगतात. शंभर व्याख्यानांनी जे झाले नसते ते काही महिन्यांच्या श्रमाने झाले.

या कथेचा उत्तरार्ध त्याहून मोठा आहे. १९६४ साली आनंदवनाच्या परिसरात आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या उभारणीत बरे झालेल्या कुष्ठरुग्णांचे हात होते. ज्यांना समाजाने गावाबाहेर काढले, त्यांनी समाजाच्या मुलांसाठी कॉलेज बांधले. ज्यांच्या हातची भाजी एके काळी कोणी घेत नव्हते, त्यांच्या हातच्या भिंतींआड तालुक्याची मुले शिकू लागली. दान घेणारा दाता झाला.

कॉलेजच्या मुलांची शिबिरे

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि ‘श्रमदान’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी देशातील ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर या योजनेतील मुलांनी दुष्काळनिवारणासाठी शिबिरे घेतली. तेव्हापासून रस्ते, बंधारे, शोषखड्डे, शाळेच्या खोल्या अशा कितीतरी कामांवर विद्यार्थ्यांची घमेली फिरली आहेत. २०१६ ते २०१९ या वर्षांत पाणलोटाच्या वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने गावोगावचे तरुण पुन्हा एकदा टिकाव-फावडे घेऊन शिवारात उतरले. तरुणांत आता तळमळ उरली नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

तरीही श्रमदानाच्या मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. शिबिर उठले की काम अर्धवट राहते, पाया भरला जातो पण भिंत चढत नाही, किंवा भिंत चढते पण दारे-खिडक्या बसत नाहीत, असा अनुभव अनेक गावांना आला आहे. गवंड्याचे, सुताराचे, पाथरवटाचे कसब उत्साहाने भरून निघत नाही. भिंत ओळंब्यात नसेल तर ती कोणाच्या भक्तीवर उभी राहत नाही. ते काम कारागिरांचेच आणि त्यांना त्याचा योग्य मोबदला मिळालाच पाहिजे.

पण तरुणांनी करण्याजोगी कामे थोडी नाहीत. पाया खणणे, जुना मलबा हलविणे, वाळू चाळणे, विटा भिजविणे, दगड-मुरूम वाहणे ही कामे त्यांची. नव्या सिमेंट कामावर पाणी मारणे हेही त्यांचेच. काँक्रीटवर किमान सात दिवस नेमाने पाणी राहिले नाही, तर महाग सिमेंटही ठिसूळ होते. सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्याला विशेष कसब लागत नाही. तेथे कोणीतरी न चुकता आले पाहिजे, एवढेच. वास्तूचे आयुष्य अशा न चुकणाऱ्या माणसांवर ठरते. कलशारोहणानंतरही हे संपत नाही. पावसाळ्यापूर्वी पन्हळी साफ करणे, शिखराच्या भेगेत रुजलेले पिंपळाचे रोप वेळीच काढणे, सभामंडप झाडणे ही सेवा वर्षानुवर्षे चालवावी लागते. ज्याने बांधताना दगड उचलला, तोच ती आपुलकीने करतो.

श्रमाचा हक्क

या सर्व इतिहासाचे सार एका वाक्यात सांगता येईल. ज्याचा हात वास्तूला लागला, त्याचा हक्क त्या वास्तूवर राहतो. गाडगे महाराजांनी हे धर्मशाळेत दाखविले, कर्मवीरांनी वसतिगृहात दाखविले, बाबा आमट्यांनी आनंदवनात दाखविले. म्हणूनच श्रमदान म्हणजे केवळ मजुरीची बचत असे मानणे चुकीचे आहे. सर्व आळ्यांतील, सर्व जातींतील मुले एका रांगेत उभी राहून दगड हातोहात देतात, त्या रांगेत कोणाचा दगड कोणाच्या हातून आला हे कोणी पाहत नाही. भिंत उभी राहते तेव्हा तो दगड कोणाचा हे ओळखता येत नाही. मग त्या भिंतीआड बसताना तरी भेद का राहावा?

देणगीदारांची नावे संगमरवरी फलकावर कोरली जातात, आणि ती कोरलीच पाहिजेत. त्याच फलकाच्या शेजारी एक साधी वही ठेवावी. कोणी किती दिवस श्रम केले, हे तिच्यात तिथीवार लिहावे. मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेला मुलगा दोन दिवस राबला तर त्याचे दोन दिवस, घरचे आवरून पाण्याचे हंडे वाहणाऱ्या माता-भगिनींचे त्यांच्या नावे तितके दिवस. पन्नास वर्षांनी एखादा नातू ती वही उघडील आणि आपल्या आजीचे नाव तिच्यात वाचील. तेव्हा हे देऊळ आपले आहे, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

ज्यांनी धन दिले त्यांना धन्यवाद, ज्यांनी श्रम दिले त्यांना वंदन. जीर्णोद्धाराच्या या कार्यात गावाच्या प्रत्येक घराचा हात लागो आणि या मंदिराचे दार प्रत्येक हाताला सदैव खुले राहो, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.